पाहुण्यानं दिलेली डबल बेल

लेकीच्या इमारतीत कंडक्टरकाकांना सगळे 'पाहुणे' म्हणत. खाली उतरले की वॉचमन खुर्चीवरून उठून विचारायचा, "काय पाहुणे, आज काय बघायचं ठरलंय?" वरच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टचं दार हातानं अडवून धरायच्या आणि म्हणायच्या, "या पाहुणे, आधी तुम्ही." कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर रांग मोडून त्यांना पाव आधी द्यायचा. सगळी माणसं चांगली होती. वाकडा शब्द कुणाच्या तोंडून येत नव्हता. आणि नेमकं तेच काकांना जाचत होतं.

उभ्या आयुष्यात त्यांच्याशी इतकं गोड कुणी वागलंच नव्हतं. नोकरी बसची. लोक त्यांच्याशी खिडकीच्या जागेवरून भांडले, टपावरच्या सामानावरून भांडले, मांडीवरच्या कोंबडीला तिकीट लागतं की नाही यावरून भांडले. तीच माणसं दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना "कंडक्टरकाका, कालचं मनावर घेऊ नका" म्हणायची आणि पुन्हा नव्या कारणावरून सुरू व्हायची. जिथं आपल्याशी कुणी भांडत नाही तिथं आपण राहत नाही, नुसते थांबलेलो असतो, असं काकांचं साधं गणित होतं.

या शहरात ते आले ते स्वतःच्या मर्जीनं नव्हे. बायको गेल्यावर गावच्या घरात ते एकटेच होते. एके सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडले, ते दूधवाला येऊन दार ठोठावेपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण लेकीचा धीर मोडला. ती आली, त्यांची बॅग भरली आणि त्यांना घेऊन आली. काकांनी एकच अट घातली, परतीचं तिकीट आधी काढायचं. तिनं काढलं. ते आता कपाटात, तिच्या दागिन्यांच्या डबीखाली होतं, येत्या शनिवारचं.

लेकीला ते तिकीट रद्द करायचं होतं. त्यासाठी तिनं जंग जंग पछाडलं. दर रविवारी ती आणि जावई काकांना कुठं ना कुठं घेऊन जायचे. तलाव झाला, संग्रहालय झालं, जुना मनोरा झाला. प्रत्येक ठिकाणी लेक म्हणायची, "बाबा, जरा डावीकडे सरका, हसा." घरी आल्यावर काका ते फोटो बघायचे. सगळ्या फोटोंत ते स्वतः आणि मागं काहीतरी मोठं.

"कसं वाटतंय शहर?" लेक विचारायची.

"छान आहे."

"मग राहाल ना?"

"पोरी, छान ठिकाणी माणूस राहत नसतो, बघून येतो."

तिला काय म्हणायचं होतं ते काकांना कळत होतं. तिथं पुन्हा पडलात आणि दूधवाला त्या दिवशी आलाच नाही तर? ती हे बोलत नव्हती आणि काका त्याचं उत्तर देत नव्हते.

त्या मंगळवारी घरात कुणी नव्हतं. काकांनी पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यावर आले आणि समोर आलेल्या पहिल्या बसमध्ये चढले. कुठं जाते ते विचारलंसुद्धा नाही. बसनं कुठं जायचं हे ठरवण्याची त्यांना सवयच नव्हती. आयुष्यभर बस जिथं जाईल तिथं ते गेले होते.

या शहरातल्या बसना कंडक्टर नव्हता. लोक पुढच्या यंत्रावर कार्ड टेकवायचे आणि बसायचे. काकांनीही लेकीनं करून दिलेलं कार्ड टेकवलं. जागा रिकामी होती, पण काका मागच्या दाराशी खांबाला टेकून उभे राहिले. तीच त्यांची जागा. गाडी हलली, खालून ती ओळखीची थरथर तळपायात आली आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. कोण कुठं उतरणार हे ते चेहऱ्यावरून ओळखायला लागले. झोपेचं सोंग घेऊन जागा अडवणारा एक जण प्रत्येक गाडीत असायचा, तो इथंही होता! काका मनातल्या मनात हसले.

पुढं एका स्टॉपवर गर्दी चढली. सगळ्यांत शेवटी एक बाई, दोन मोठे गठ्ठे घेऊन. चादरीत बांधलेले इस्त्रीचे कपडे असावेत. तिनं एक गठ्ठा मागच्या दारातून आत ढकलला.

इथं काकांच्या हाताबद्दल सांगायला हवं. त्यांच्या उजव्या हातात लोखंडाची जाड अंगठी असे. गाडीतली बेलची दोरी नेहमी तुटलेली, म्हणून ते अंगठीनं दारातल्या दांड्यावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्या दोन ठोक्यांना डबल बेल म्हणायचं. दारातून गठ्ठा आत आला, मागं हालचाल दिसली, आणि काकांचा हात त्यांना न विचारता दांड्यावर गेला. ठक् ठक्.

बस निघाली.

मागच्या दारासाठी ड्रायव्हरजवळ आरसा होता, दार मिटण्याचं बटण होतं. पण हा ड्रायव्हर जुना होता. कंडक्टरची डबल ऐकल्यावर आरशात बघायचं त्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. दार मिटलं आणि काचेतून काकांना दिसलं की ती बाई खालीच आहे. दुसरा गठ्ठा उचलायला ती वळली होती.

"थांबा! थांबा! बाई राहिली!"

सगळी बस ओरडायला लागली. पण बस तोवर पुलाच्या चढाला लागली होती, मागं गाड्यांची रांग. पूल उतरून पुढच्या स्टॉपवर ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि मान मागं वळवली.

"डबल कुणी दिली?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मी."

ड्रायव्हरनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठला डेपो?"

काकांनी सांगितलं.

"तरीच. अहो, आमच्या गाड्यांवरून कंडक्टर काढले तेव्हापासून डबल ऐकली नव्हती. कानावर पडली आणि पाय आपोआप गेला." मग त्यानं कपाळाला हात लावला. "ती जुन्या टॉकीजची इस्त्रीवाली. रोज उशिरावरून माझी हजेरी घेते. उद्या माझं काही खरं नाही. तो गठ्ठा द्या, डेपोत जमा करतो."

"नको," काका म्हणाले. "माझ्या डबलनं राहिलाय, मीच पोचवतो."

गठ्ठा खांद्यावर घेऊन ते उलट पुलावर चढले. ओझं चांगलंच होतं. मध्येच कठड्याला टेकून दम खाल्ला तेव्हा समोर दिसला तो जुना मनोरा, पण मागच्या बाजूनं. ज्याच्यासमोर रविवारी ते 'जरा डावीकडे' सरकून हसले होते, त्याच्या पाठीला गिलावाही नव्हता. पाण्याचे पाइप उघडेच होते आणि राखणदाराचं बनियन खिळ्याला वाळत होतं. काका बराच वेळ त्या बनियनकडे बघत राहिले. मनोरा त्यांना पहिल्यांदाच बरा वाटला.

स्टॉपवर बाई नव्हती. तिथं बसणाऱ्या चांभारानं गठ्ठा बघितला आणि हातातला बूट खाली ठेवला.

"हा तिचाच! ती रिक्षा करून बसच्या मागं गेली. जाताना काय एकेक शब्द काढले म्हणता!"

"दुकान कुठं आहे तिचं?"

"जुन्या टॉकीजच्या मागं. टाकीपासून आत वळा."

काका निघाले. टॉकीज दिसेना. एवढी मोठी इमारत लपणार कुठं? शेवटी एका खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात त्यांनी विचारलं.

"जुनं टॉकीज कुठं आलं हो?"

"हे काय, समोरच."

"ते तर सोफ्यांचं दुकान आहे."

"हो."

"मग टॉकीज?"

"तेच टॉकीज. मी शाळेत होतो तेव्हा पाडलं."

"मग अजून टॉकीज कशाला म्हणता?"

दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. "मग काय जुना सोफा म्हणू?"

टाकीचंही तसंच निघालं. टाकी कधीच नाहीशी झाली होती, तिथं आता स्कूटर लागत होत्या. पण ज्यानं त्यानं हात करून दाखवली ती टाकीच. काकांच्या ध्यानात आलं की लेकीनं त्यांना शहरात जे जे आहे ते दाखवलं होतं. इथली माणसं मात्र जे नाही त्याच्या आधारानं चालत होती. त्यांनी पुढं विचारताना 'काय आहे' सोडून 'काय होतं' असं विचारायला सुरुवात केली, आणि रस्ता सापडत गेला.

इस्त्रीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, वर दिवा, भिंतीला हँगर. टेबलामागे इस्त्रीवाला शर्टाची बाही फिरवत होता. गठ्ठा बघून त्यानं इस्त्री उभी केली.

"सापडला? देवासारखे आलात. पण तुम्ही आता जरा बाजूला थांबा. तिचा फोन आला होता, ती येतेय."

ती आलीच. घामानं डबडबलेली, दुसरा गठ्ठा काखेत. तिनं आधी आपला गठ्ठा बघितला, मग काकांकडे, मग त्यांच्या हातातल्या अंगठीकडे.

"तुम्हीच का ते ठोकेवाले?"

"हो. चुकलं माझं."

"बस काय तुमच्या घरची आहे? मनाला आलं की ठोका, मनाला आलं की हाका! मी टॉकीजपासून डेपोपर्यंत रिक्षा पळवली. त्या ड्रायव्हरची मान धरली तर तो म्हणतो, एका काकांनी दिली डबल. काका म्हणे! डोळे कुठं होते?"

"गठ्ठ्यावर होते."

"आणि माणूस? माणूस आत आला की नाही हे बघायचं कुणी?"

हा मार बरोबर बसला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही माणूस खाली ठेवून गाडी सोडली नव्हती. आज पाहुणे म्हणून गाडीत चढले आणि ते करून बसले.

"जाऊ दे आता," इस्त्रीवाला म्हणाला. "चालत आणलाय त्यांनी."

"चालत आणला म्हणून घड्या राहिल्या का? बघा!" तिनं चादरीची गाठ सोडली. शर्ट एकमेकांत घुसले होते, हॉस्पिटलच्या नर्सबाईंच्या कोटांची कॉलर दुमडली होती. "हे आता परत करायचं, आणि नर्सबाईंची दुपारची पाळी आहे. उभे काय राहिलात? तिकडचं टोक धरा."

काकांनी टोक धरलं. इस्त्रीवाला इस्त्री फिरवत होता, काका घड्या घालत होते आणि बाई त्या उलगडून पुन्हा घालत होती.

"कॉलर वर! वर म्हणते मी. कंडक्टर होतात ना? तिकीटसुद्धा उलटंच फाडत होतात का?"

काकांना हसू फुटलं. दाबायला गेले तर जास्तच फुटलं. आणि मग त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला.

"तुमचंही चुकलं," ते म्हणाले. "दोन गठ्ठे असताना मागच्या दारानं चढायचंच नसतं. आणि चढायचं तर आधी माणसानं वर यायचं, मग सामान घ्यायचं. आमच्या गाडीत असतात तर गठ्ठे मी वर घेतले असते, आणि तुम्हाला दोन शब्द सुनावलेही असते."

"असं? मग घ्या की उद्यापासून!"

बाई रागातच म्हणाली होती. पण वाक्य तिच्या तोंडून निघालं ते निघालंच.

काका घरी पोचले तेव्हा दुपार उलटून गेली होती. फाटकात लेक उभी, शेजारी वॉचमन, त्याच्या हातात काकांचा घरी विसरलेला फोन.

"बाबा! मी ऑफिस सोडून आले. वॉचमनदादा तलावापर्यंत जाऊन आले शोधायला!"

"तलावावर कशाला? तो बघून झालाय." मग तिचा चेहरा बघून काकांनी आवाज खाली आणला. "पोरी, आज एक बाई माझ्याशी भांडली."

"आणि तुम्ही हसताय?"

त्यांनी सगळं सांगितलं. गठ्ठा आणि पूल ऐकल्यावर लेकीचा संयम सुटला. "पडू नका म्हणून मी तुम्हाला इथं आणलं, आणि तुम्ही खांद्यावर ओझी घेऊन पूल चढता! चक्कर आली असती तर? हेच करायचं असेल तर जा शनिवारी. तिथं निदान तुमची माणसं तरी आहेत."

ती आत निघून गेली. काका फाटकातच उभे राहिले. ज्याची त्यांनी इतके दिवस वाट बघितली ते लेक आज स्वतःच म्हणाली होती, आणि त्यांना आनंद झाला नाही.

बुधवारी ते पुन्हा त्याच बसमध्ये चढले. फोन या वेळी खिशात होता. जुन्या टॉकीजला मागच्या दारातून वाकून त्यांनी दोन्ही गठ्ठे वर घेतले, मग बाईंना हात दिला. बाई आभार वगैरे मानायच्या भानगडीत पडल्या नाहीत. "तो खालचा आडवा ठेवा, चुरगळेल," एवढंच म्हणाल्या. ड्रायव्हरनं पुढून हाक दिली, "काका, सगळे आले का?" काकांनी आधी माणसं बघितली, मग सामान, मग खाली कुणी धावत येतंय का ते. आणि मगच दांड्यावर दोन ठोके दिले. ड्रायव्हरनं आरशातही बघून घेतलं, पण गाडी हलवली ती ठोक्यांवर.

गुरुवारी झोपेचं सोंग घेणाऱ्या गृहस्थांशी काकांचं जागेवरून वाजलं. चांगलं वाजलं. उतरताना गृहस्थ म्हणाले, "उद्या बघतो तुम्हाला." काकांचा दिवस फार छान गेला.

शुक्रवारी पुलावर गाडी असताना त्यांनी बाईंना सांगितलं, "उद्या माझी गाडी आहे. गावी चाललोय."

"कुणाचं लग्नबिग्न आहे का तिकडं?"

"नाही."

"मग घरी कोण आहे?"

"कुणी नाही. घर आहे."

बाईंनी खांदा चोळला. तो त्यांचा दुखरा खांदा, हे एव्हाना काकांना माहीत होतं. त्या 'राहा' म्हणाल्या नाहीत. लेक ज्या स्वरात रोज विचारायची तसंही काही म्हणाल्या नाहीत. रोजच्या फटकळ आवाजात त्यांनी विचारलं, "मग सोमवारचे गठ्ठे कोण घेणार?"

हॉस्पिटलचा स्टॉप आला, काकांनी गठ्ठे उतरवून दिले, बाईंना खाली उतरवलं, डबल दिली, आणि तो प्रश्न शेवटच्या स्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर आला.

संध्याकाळी लेक त्यांची बॅग भरत होती. एकेका शर्टाची घडी घालून ठेवत होती. नाक लाल झालं होतं. काका दारात येऊन उभे राहिले.

"कॉलर वर ठेव," ते म्हणाले. "दुमडते."

"हं."

"पोरी, ते तिकीट रद्द होतं का अजून?"

तिचा हात थांबला. "का? काय झालं?"

"सोमवारी गठ्ठे आहेत."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. महिनाभर तलाव दाखवला, मनोरा दाखवला, आणि हे राहतायत ते कुणाच्या तरी चादरीत बांधलेल्या कपड्यांसाठी! तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही करून घेतलं. मग डोळे पुसून कडक आवाजात म्हणाली, "राहायचं तर माझ्या अटीवर. फोन खिशात. ओझं उचलायचं ते फक्त बसमध्ये. पूल चालत ओलांडायचा नाही."

"मंजूर."

"आणि डॉक्टरांकडे जायचं. चक्कर का येते ते बघायचं."

"त्याच हॉस्पिटलच्या स्टॉपवरून जाऊ," काका म्हणाले. "नर्सबाईंची कॉलर कशी बसलीय तेही बघता येईल."

रविवारी लेकीनं सवयीनं विचारलं, "आज कुठं जाऊ या?" काका म्हणाले, "आज मी नेतो." त्यांनी तिला बसनं पुलापर्यंत नेलं आणि मनोऱ्याची पाठ दाखवली. बनियन वाळतच होतं. या वेळी शेजारी टॉवेलही होता. लेक इतकी वर्षं या शहरात राहत होती, पण मनोऱ्याला पाठ आहे हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती कठड्याला टेकून हसत बसली. फोटो काढायचं कुणालाच आठवलं नाही.

परत येताना स्टॉपवर एक जोडपं मोबाइलमधला नकाशा उलटसुलट करत उभं होतं. त्यांना बाजारात जायचं होतं.

"सोपं आहे," काका म्हणाले. "जुन्या टॉकीजला उतरा, टाकीपासून आत वळा."

जोडपं आभार मानून बसमध्ये चढलं. लेक काकांच्या कानाशी आली. "बाबा, तिथं टॉकीज कुठं आहे? आणि टाकी?"

"तू नवीन आहेस का इथं?" काका म्हणाले.

इमारतीत शिरताना ते बोलण्याच्या नादात होते. जिन्यापाशी पोचले तेवढ्यात मागून वॉचमनचा आवाज आला, चांगलाच चढलेला.

"अहो काका! फाटक उघडं टाकून चाललात! मागं कोण येणार लावायला?"

लेक वळून वॉचमनला काही म्हणणार होती. काकांनी तिला हातानं थांबवलं आणि फाटक लावायला ते लगबगीनं परत गेले.